हुरड्याचे दिवस

जानेवारी लागला. झरीच्या शिवारात ज्वारी हुरड्यात आलीय.

केमो डॉक्टरांनी बंद केली. आता उपाय फक्त दुखणं आवरण्याचा. मॉर्फिनच्या गोळीनं झोप लागते, माणसांशी बोलावंसं वाटतं. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, हे औषध मिळण्याची वाट सोपी झाली. तरी खेड्यापाड्यांत किती जण अजून तळमळत जातात! त्याचा मला संताप येतो. वेदना हे काही कुणाचं प्राक्तन नव्हे.

दुपारी जरा उतार पडला की सून हाक मारते, "आत्या, येता का आगटीपाशी?" गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसलेलं कणीस बाहेर काढून ती तळहातांवर चोळते, फुंकरीनं कोंडा उडवते नि गरम हिरवे दाणे माझ्या मुठीत देते. परभणीच्या कृषी विद्यापीठानं दिलेला 'परभणी मोती' वाण. दाणा टपोरा, चावला की दुधाळ गोड. तोंड आलंय, म्हणून चटणी नको. चार दाणे मी फार वेळ चघळते. नातू गुळासोबत पसाभर फस्त करतो, वर माझ्याही मुठीत हात घालतो.

उद्या आगटी मी रचणार. सुनेला तसं सांगून ठेवलंय.