आईबाबा आणि ट्यूलिपचे दिवस

तुमच्यापैकी कोणाची मुलं युरोपात असतील तर तुम्हाला ठाऊकच असेल, एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे पाहुण्यांचा हंगाम. तिकडे मुलांना सुट्टी लागते आणि इकडे थंडी सरून झाडांना पालवी फुटते. आम्ही नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टेलव्हेनला राहतो. दीर-जाऊ, मामेभाऊ, नवऱ्याचे मित्र, सगळे येऊन गेले. त्यांचं काही अवघड नसतं. सकाळी डबा हातात द्यायचा, ट्राम कुठली ते सांगायचं. रात्री साडेआठला, अजून उजेड असतानाच, मंडळी परत.

आईवडील येतात तेव्हा गोष्ट वेगळी. माझे आईबाबा आले तेव्हा दोघांचीही सत्तरी उलटलेली. इथल्या घरांचे जिने शिडीसारखे उभे, आणि बाबांचे गुडघे कुरकुरणारे. आता पुन्हा येणं होईल का, हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं, पण पॅरिसला जायचं की नको, अशा साध्या बोलण्यातही तो मध्ये येऊन बसायचा.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. विमानतळावर उतरल्या उतरल्या मी त्यांना सांगितलं, "बाबा, आपण आत्ता समुद्राच्या पातळीखाली उभे आहोत. इथे पूर्वी तळं होतं." झालं! थकवा कुठल्या कुठे गेला. हे हार्लेमरमेर नावाचं तळं वाफेवर चालणाऱ्या तीन पंपगृहांनी उपसून 1852 साली कोरडं केलं. त्यातलं क्रूकियस हे पंपगृह आता संग्रहालय आहे. बाबांनी तिथे दोन तास काढले. एकाच इंजिनावर आठ पंप कसे चालायचे, हे ते मला आणि शेजारी उभ्या असलेल्या एका डच आजोबांनाही मराठीतून समजावत होते. आजोबा मान डोलवत होते. पॅरिस त्यानंतर आपोआप मागे पडलं.

आईला फुलं बघायची होती. लिसं गावातली क्योकेनहोफ ही बाग वर्षातून जेमतेम आठ आठवडे उघडी असते, मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत. 32 हेक्टर जागा आणि सुमारे 70 लाख कंद. (येणार असाल तर एप्रिलच्या मध्याचा बेत करा, तिकीट आधी काढा आणि कानटोपी विसरू नका, ऊन नुसतं दिसायला असतं.) तिथे व्हीलचेअर मिळते. मी विषय काढताच बाबांचा चेहरा उतरला. "मी काय आजारी आहे?" आई म्हणाली, "तुम्ही नका बसू. मीच बसते, माझे पाय दुखतायत. तुम्ही ढकला." आईचे पाय अजिबात दुखत नव्हते. पण खुर्चीच्या दांड्याचा आधार मिळाला आणि बाबा अख्खी बाग चालले. मध्येच वाकून तिला म्हणत होते, "केवढी जड झालीस गं!"

बाहेर पडल्यावर रस्त्याकडेच्या शेतांत वेगळंच दृश्य होतं. फुललेल्या ट्यूलिपच्या ताटव्यांवरून यंत्र फिरत होतं आणि फुलांची मुंडकी खाली पडत होती. लाल-पिवळा सडा. आमच्या बसमधल्या एक काकू हळहळल्या. आई तासगावकडच्या शेतकऱ्याची मुलगी. ती म्हणाली, "अगं, कांद्यासारखंच आहे की. डेंगळे आले की कांदा पोसत नाही, म्हणून मोडून टाकायचे." अगदी बरोबर. इथला शेतकरी विकतो तो कंद. फूल खुडलं की झाडाची ताकद कंदात उतरते. इतकी वर्षं इथे राहून मला ते माहितीपत्रकावरून कळलं होतं, आईला खिडकीतून.

आता एक सांगते, पाहुणचार करणाऱ्यांना आणि येणाऱ्यांनाही. एक दिवस फिरलात तर दुसरा दिवस घरी बसा. आमच्याकडे ते रिकामे दिवसच खरे रंगले. आईने तुर्की दुकानदाराशी खाणाखुणांनी दोस्ती करून कोथिंबिरीची जुडी जास्तीची मिळवली. बाबा खालच्या बाकावर बसून कालव्यातलं पाणी किती चढलं-उतरलं ते बघायचे. जवळच्या जंगलवजा बागेत चेरीची 400 झाडं आहेत, इथल्या जपानी महिला मंडळाने भेट दिलेली, आणि प्रत्येक झाडाला बाईचं नाव आहे, निम्म्यांना जपानी, निम्म्यांना डच. आईने दोन झाडांना आपल्या बहिणींची नावं परस्पर देऊन टाकली.

निघण्याच्या आदल्या रविवारी मी विचारलं, काही बघायचं राहिलंय का? बाबा म्हणाले, "तुझं ऑफिस."

ऑफिस बंद होतं. तरी आम्ही ट्रामने गेलो. बाबांनी काचेला नाक लावून आतली लिफ्ट पाहिली, मी कितव्या मजल्यावर बसते ते विचारून मजले मोजले. मग मला दाराशी उभं करून फोटो काढला. वारा सुटलेला, माझे केस तोंडावर आलेले.

ट्यूलिपचे फोटो आईच्या भिशीत फिरले. बाबांच्या व्हॉट्सॲपवर मात्र अजून तोच बंद दारापुढचा फोटो आहे.