आधी फरक ठरवायचा

199 पासून निघायचं आणि दर वेळी 210 मिळवत जायचं: 409, 619, 829, 1039, 1249, 1459, 1669, 1879, 2089. ओळीनं दहा संख्या, आणि दहाही मूळ! अकरावं पद काढण्याचा मोह आवरत नाही. ते येतं 2299, म्हणजे 11 × 11 × 19.

अशा श्रेढ्या शोधणारा माणूस साखळी कुठं तुटली याकडंच निरखून पाहतो. 199 ला 11 नं भागलं की बाकी 1, आणि 210 ला भागलं तरी 1. त्यामुळे बाकी एकेकानं वाढत दहाव्या पदाला 10 होते, अकराव्याला शून्य. मागं गेलं तर 199 उणे 210, म्हणजे उणे 11. अकराच्या दोन पटींमधल्या दहाच्या दहा जागा मूळ संख्यांनी भरल्या आहेत! 210 च्या फरकानं याहून लांब साखळी होतच नाही. खुद्द 11 पासून सुरुवात केली, तर दुसरंच पद 221 येतं आणि ते 13 × 17 आहे.

म्हणून या कामात आधी फरक ठरवायचा. त्याला 3 नं भाग जात नसेल, तर दर तिसरं पद तिनाच्या पटीत येणारच. 27 पदं हवी असतील, तर 2 पासून 23 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार फरकात हवा. तो होतो 22,30,92,870.

बेन ग्रीन आणि टेरेन्स टाओ यांनी 2004 साली सिद्ध केलं, की हव्या तेवढ्या लांबीच्या अशा साखळ्या असतातच. गणितातल्या अतिशय देखण्या निकालांपैकी हा एक. मात्र शंभर पदांची साखळी नेमकी कुठं सुरू होते, हे त्यातून कळत नाही. ते शोधावंच लागतं.

प्राइमग्रिड या प्रकल्पात हौशी मंडळी आपले संगणक या शोधाला देतात. 2019 मध्ये तिथं 27 पदांची साखळी सापडली. पहिलं पद 18 अंकी, 224584605939537911. फरक वरच्या गुणाकाराच्या 8,12,92,139 पट. या फरकाला 29 नं भाग जात नाही, म्हणजे इथं जास्तीत जास्त 28 पदं मावतात. अठ्ठाविसाव्या पदाला 29 नं भाग जातो, त्यामुळे पुढची वाट बंदच होती. पहिल्या पदाच्या मागं तेवढी एक जागा मोकळी होती, पण तिथली संख्या मूळ निघाली नाही.