आत्याच्या घरातला कूड

भोपाळला साकेतनगरमधल्या आत्याच्या घरात हॉल आणि मागची खोली यांच्यामध्ये वीट नाही, हार्डबोर्ड आहे. घर बांधताना पैसे संपले, तेव्हा आतोबांनी सागवानी चौकटीला दोन्ही बाजूंनी बोर्ड ठोकून काम भागवलं. त्या भिंतीआड राहून नात्यातली पाच-सहा मुलं शिकली. मीही दोन वर्षं होते. पलीकडे आतोबा कूस बदलत तेही ऐकू यायचं.

यंदा सप्टेंबरात गेले तर भिंत खालून फुगलेली, हात लावला की भुगा. दादा म्हणाला, "काढूनच टाकू, हॉल मोठा होईल." आत्या म्हणाली, "आणि उद्या कुणाचं पोर शिकायला आलं तर झोपेल कुठे?" दोन दिवस घरात तोच विषय!

हार्डबोर्ड म्हणजे आपलं परीक्षेचं तपकिरी पॅड. लाकडाचे तंतू वाफेनं मोकळे करून, तापवून दाबलेले. अमेरिकेत विल्यम मेसन यांनी 1924 च्या सुमारास ही युक्ती काढली. पाणी प्यायलं की दाबलेले तंतू सुटतात आणि वाळल्यावरही पुन्हा बसत नाहीत. म्हणून वरून पुट्टी-रंग मारणं फुकट. भोपाळात वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण इथे दोष पावसाचा नव्हता. मिस्त्रीनं पेचकस टोचत टोचत "सीलन इधर से है" म्हणत न्हाणीघराची भिंत दाखवली. आतला पाइप पाझरत होता. वाळवी मात्र नव्हती, नशीब.

(तुमच्या जुन्या घरातला बोर्ड करडा, थंड आणि सिमेंटसारखा असेल, तर कापू-घासू नका. तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. आधी जाणकाराला दाखवा.)

प्लंबर येईपर्यंत मी भाचीला घेऊन श्यामला हिल्सवरच्या मानव संग्रहालयात गेले. बड्या तलावाच्या काठच्या त्या टेकडीवर देशभरातल्या आदिवासींची घरं उभी आहेत, त्यांच्याच कारागिरांनी बांधलेली. त्यात आपल्याकडचं वारल्यांचंही आहे. कारवीच्या काठ्यांचा कूड, वर माती-शेणाचा लेप. भाचीनं विचारलं, "पावसात विरघळत नाही?" लेप जातो, म्हटलं, आणि तेवढाच पुन्हा लिंपतात. कूड तसाच राहतो.

घरी येऊन आत्याला तेच सुचवलं. पाइप बदलला, चौकट पंधरा दिवस वाळू दिली. मग दोन्ही बाजूंचा बोर्ड जमिनीपासून दीड फुटावर सरळ रेषेत कापून खाली सिमेंट फायबर बोर्ड बसवला, जमिनीशी बोटभर फट सोडून. सांध्यावर सागाची पट्टी. नवा बोर्ड भिजला तरी तसा फुगत नाही. दादाचा मोठा हॉल राहिला, पण पट्टी त्यानंच घासून पॉलिश केली.

वरच्या जुन्या बोर्डावर, खाटेच्या उंचीला, माझ्या हातची पेन्सिलीची सूत्रं अजून आहेत. त्यातलं एक चुकलेलं आहे. भाचीनं लगेच ओळखलं.