पौषातले ऊन

माझे बालपण हिंगोलीजवळ, कयाधू नदीच्या काठी गेले. दिवाळी सरली की आईवडील ऊसतोडीसाठी दूरच्या साखर कारखान्यावर जात. घरी आजी आणि मी उरत असू. पौष लागला की माझे मन झाकोळून येई. खेळावेसे वाटत नसे, भाकरी गोड लागत नसे. दिवस लवकर मावळे आणि मी गोधडीत तोंड खुपसून पडून राही.

आजी मला कधी रागावली नाही. एके सकाळी ती म्हणाली, "बाळा, मलाही करमत नाही रे. चल, दोघे उन्हात बसू." तिलाही तसेच वाटते, हे ऐकूनच माझे निम्मे ओझे उतरले.

त्या दिवसापासून आमचा नेम ठरला. सकाळी अंगणातल्या कोवळ्या उन्हात तुरीच्या शेंगा सोलायच्या आणि रात्री शेकोटीपाशी दिवसभराची हकिकत वहीत लिहायची. आजी सांगे, मी लिही.

पुढे भूगोलात शिकलो, की 22 डिसेंबरच्या सुमारास आपल्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा असतो. जूनमध्ये तो 13 तासांहून मोठा होतो. सकाळच्या उजेडाने झोपेची घडी बसते व मनाला उभारी येते, हेही वाचले. आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हते. उन्हाचा गुण मात्र ठाऊक होता.

मुलांनो, उदास वाटणे हा दोष नव्हे. ते आपल्या माणसाला सांगावे.

शिमग्याला आई परतली. मी तिला सारी वही वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. तिने मला नुसते जवळ घेतले.