हे अठरा कोणी ठरवले?

आपल्या चळवळीत खेळाला मान नाही. शिबिर म्हटले की व्याख्यान, प्रश्नमंजुषा आणि शेवटी खिचडी. मुले मांडी घालून बसतात, आपण बोलतो. आम्हीही अनेक वर्षे तेच केले. गेल्या वर्षापासून मात्र मंठ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात शनिवारी संध्याकाळी आम्ही एक खेळ चालवतो. त्या खेळाने आमची एम.ए.ची पदवी कशी उघडी पाडली, ते सांगायचे आहे.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आला. त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. एक जण गेम मास्टर असतो, तो प्रसंग सांगतो आणि विचारतो, "आता तुम्ही काय करता?" जमले की नाही ते वीस बाजूंच्या फाशावर ठरते. कोणत्या कामाला किती आकडा पडला पाहिजे, हे गेम मास्टर ठरवतो. गोष्ट एका बैठकीत संपत नाही, महिनोन्महिने चालते. तिला ते मोहीमच म्हणतात. आपली सापशिडी आठवा. जुना मोक्षपट म्हणजे पापपुण्याचा हिशेब. त्यात खेळणारा काहीच ठरवत नाही, दान पडेल तसा चढतो नाहीतर गिळला जातो. इथे आधी माणूस ठरवतो, मग दान पडते. आम्हाला हा फरक मोठा वाटला.

वीस बाजूंचा फासा मंठ्याच्या बाजारात कुठला मिळणार? आम्ही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या जेवणाच्या डब्यात टाकल्या. तरीही पहिल्याच शनिवारी वस्तीतले एक ज्येष्ठ उपासक रागावले. सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत आणि तुम्ही विहारात दान टाकता? प्रश्न रास्त होता. इथे पैसा लावत नाहीत, हे समजावायला दोन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी ते स्वतःच तलाठी होऊन खेळायला बसले. (तलाठी त्यांनी फारच चांगला वठवला. "उद्या या" हे वाक्य त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.)

मुले सात, आठवी ते दहावीतली. काल्पनिक गावाला त्यांनीच नाव दिले, उजेडवाडी. गावात दुष्काळ, विहीर एकच, ती गावाच्या बाजूला. आम्ही वहीत नियम लिहिले: पाटलाच्या पोराने पाणी भरायचे तर पाच किंवा जास्त आकडा, वस्तीतल्या पोरीने भरायचे तर अठरा. सामाजिक वास्तव खेळात उतरवल्याचा आम्हाला अभिमान वाटत होता.

नववीतल्या एका मुलीने चिठ्ठी काढली. चौदा. आम्ही म्हणालो, "हुकलं. लोकांनी तुला हाकललं."

ती म्हणाली, "दादा, हे अठरा कोणी ठरवलं?"

"गाव तसंच असतं ना."

"गावानं नाही ठरवलं. वहीत तुमचं अक्षर आहे."

आमच्याकडे उत्तर नव्हते. या मुलीचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. अन्याय असतो हे तिला आमच्याकडून शिकायचे नव्हतेच. आम्ही तिला तिचेच जगणे आकडा घालून परत दिले होते, वर त्याला प्रबोधन म्हणत होतो.

मूळ खेळातही हीच खोट होती. पात्राचा वंश निवडला की जन्मानेच गुण-अवगुण ठरत. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत अर्ध-ओर्क जन्मला की ताकद जास्त, पण बुद्धी दोन गुणांनी कमी! मनुस्मृतीला नावे ठेवणाऱ्या आपल्या माणसाला ही रचना ओळखायला किती वेळ लागेल? तिथल्या खेळाडूंनीही आक्षेप घेतले. २०२४ च्या नियमपुस्तकात 'वंश' हा शब्द गेला आणि वाढीव गुण जन्मावरून काढून पात्राच्या पूर्वायुष्याला, म्हणजे ते कुठे वाढले आणि काय काम करत होते याला जोडले गेले. पन्नास वर्षे लागली. पण पुस्तक माणसांनी लिहिले होते, म्हणून माणसांना बदलता आले.

पुढच्या शनिवारी मुलांनी विचारले, आम्ही सातही जण एकदम विहिरीवर गेलो तर? आमच्या नियमांत एकेकट्याचीच चिठ्ठी होती. आम्ही गोंधळलो. "जा, पाणी मिळालं" म्हणणे सोपे होते, पण ते खोटे झाले असते. तेव्हा खेळ थांबवून महाड सांगितले. तळे खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. कागदावरचा अठरा खोडला गेला होता, तरी पाणी कुणाला भरता येत नव्हते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसोबत हजारो माणसे एकत्र चवदार तळ्यावर गेली, पाणी प्यायली. त्यानंतर लोकांवर लाठ्या पडल्या, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, प्रकरण कोर्टात गेले आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. दहा वर्षांची मोहीम! हे सगळे आम्ही व्याख्यानात शंभरदा सांगितले असेल. पण "मारहाण झाल्यावर ते घरी का नाही गेले?" असे त्या दिवशी पहिल्यांदा कुणी विचारले.

मग मुलांनी नियम बदलला. एकत्र गेल्यास आकडा कमी. पण पाणी मिळाले तरी पुढच्या बैठकीत त्याची किंमत मोजायची. एकाच्या पात्राची मजुरी बंद झाली, एकाच्या घरासमोरची वाट अडवली गेली. तक्रार घेऊन सगळे तलाठ्याकडे गेले. तो म्हणाला, "उद्या या."

आता वही त्या मुलीकडे आहे. यंदा दसऱ्यानंतर तिला मागे ठेवायचे, तर ती राहणार कुणाकडे, हे अजून ठरलेले नाही. तिच्या आईशी आमचे दोनदा बोलणे झाले आहे, वसतिगृहाचा अर्ज भरला आहे. तोवर तीच गेम मास्टर. गेल्या शनिवारी तिने आम्हाला सरपंच केले.

"सातजण तुमच्या दारात आलेत," ती म्हणाली. आम्ही सवयीने डब्यात हात घातला.

"थांबा दादा. आधी काय करता ते सांगा."