वागातोरच्या टेकडीवर घुमट वाजायला हवं

आमच्या तरुणपणी कोल्हापूरकडून मोटारसायकलवर गोवा गाठायचा म्हणजे आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असं उतरत जायचं. कुणाकडे राजदूत, कुणाकडे येझदी, आणि ज्याच्या घरी ऊस बरा निघालेला असे त्याच्याकडे बुलेट. बुलेटचं इंजिन तेव्हा ओतीव लोखंडाचं आणि गिअर उजव्या पायात. ती चालू करायचीही एक रीत होती. हेडलाइटच्या डोक्यावर अँपिअरचा बारका मीटर असे. चावी फिरवून किक हलक्या पायानं दाबत त्याचा काटा मधोमध आणायचा, डीकम्प्रेशनची खिट्टी ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, खिट्टी सोडायची आणि मग सगळं वजन टाकून एकच किक. घाई केली की किक उलटून घोट्यावर बसायची. आज बटण दाबलं की गाडी बोलते. पोरांचे घोटे वाचले, याचा मला आनंदच आहे.

मला बोलायचंय ते रस्त्यावर कानावर पडणाऱ्या संगीताबद्दल. त्या गाड्यांवर गाण्याची सोय नव्हती आणि हेल्मेटमध्ये स्पीकर असतात हे कुणाला स्वप्नातही सुचलं नसतं. त्यामुळे जे गाव लागेल त्या गावाचं जे चाललेलं असेल ते ऐकायचं. आंबोली उतरलो की बोली बदलायची आणि वाद्यंही. कार्तिकात गेलो तर सावंतवाडीपासून पुढे जत्रा सुरू झालेल्या असत. रात्री कुठल्याशा वळणावर झाडीतून उजेड दिसायचा, इंजिन बंद केलं की पखवाज ऐकू यायचा. देवळाच्या आवारात दशावतार उभा राहायचा होता, एवढं त्यावरून कळायचं.

तो नाट्यप्रयोग कधीच वेळेवर सुरू झाला नाही, आणि ते बरंच होतं. पालखीची प्रदक्षिणा व्हायची, मग मध्यरात्रीच्या सुमारास पेटी, पखवाज आणि झांज एवढ्या तीन वाद्यांवर सगळी रात्र उभी राहायची. गणपती यायचा, संकासुर यायचा आणि त्यानंतर आख्यान. लिहिलेली संहिता नाही, राजा आणि राक्षस तिथंच उभ्या उभ्या वाद घालायचे, आणि पखवाजवाला प्रत्येक पावलाला ठेका द्यायचा. आम्ही जॅकेट घालून मागं बाकड्यावर बसायचो. जॅकेट म्हणजे आमच्यापैकी एकाच्या फौजी मामाचं, बाकीच्यांचे स्वेटर. पहाटे दहीकाला फुटला की गाडीवर बसायचं आणि पत्रादेवीचा नाका ओलांडायचा. झोपेनं डोळे जड असताना मोटारसायकल चालवू नये हे आता नातवंडांना मी सांगतो, तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं.

पेडण्यातून पुढे चोपड्याला शापोरा नदी आडवी यायची. पूल नव्हता. फेरीबोटीत गाड्या चढवायच्या, स्टँडवर लावायच्या आणि पलीकडे शिवोलीला उतरायचं. शिवोलीत नाताळनंतरच्या सोमवारी जागोर असतो. एका वर्षी आम्ही तो पाहिला. हिंदू आणि ख्रिस्ती घरं मिळून तो करतात. मशालीच्या उजेडात सोंगं येतात आणि त्यांच्यामागं घुमट वाजत राहतं. घुमट मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते तिथं. मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी उघडं. मोठ्या तोंडावर चामडं ताणून बांधलेलं, लहान तोंड मोकळं. वादक उजव्या हातानं चामड्यावर थाप देतो आणि डाव्या तळहातानं ते लहान तोंड उघडतो-झाकतो. तळहात किती झाकला त्यावर आवाज फुगतो किंवा आवळतो. माझ्या शेजारचे आजोबा वाजवता वाजवता गप्पा मारत होते, पण डावा हात एकदाही चुकला नाही.

त्याच शिवोलीच्या शेजारी वागातोर आहे. आता दर नोव्हेंबरात तिथल्या टेकडीवर रॉयल एनफिल्डचा तीन दिवसांचा मेळावा भरतो. आधी त्याला रायडर मॅनिया म्हणत, २०२३पासून मोटोव्हर्स म्हणतात. इंडिया बाइक वीकही २०१३ साली गोव्यातच सुरू झाला. गुवाहाटीपासून कोचीपर्यंतची पोरं-पोरी आठ-आठ दिवस गाडी चालवत येतात. मातीच्या ट्रॅकवर शर्यती होतात, चढावर गाड्या चढवण्याची स्पर्धा असते, कुणीतरी घरच्या गॅरेजात बनवलेली गाडी आणून उभी करतो आणि लोक गुडघ्यावर बसून तिचा सायलेन्सर बघतात. मुली एकट्यानं हजार किलोमीटर चालवत येतात, आणि त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही, इतकं ते सरळ झालंय. आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. हे सगळं मला मनापासून आवडतं.

संध्याकाळी मोठ्या मंचावर दिवे लागतात आणि रॉक सुरू होतं, हिप-हॉप सुरू होतं, डीजे येतात. चांगले वाजवतात, मेहनतीनं वाजवतात. पण डोळे मिटले तर आपण मनालीत आहोत, शिलाँगमध्ये आहोत की वागातोरात, हे कळत नाही. इतक्या लांबून लोक आले ते गोव्यात आले. चार किलोमीटरवर घुमट वाजवणारी घरं आहेत. या पाहुण्यांच्या कानावर गोव्याचं संगीत न पडता ते परत गेले तर त्यांचंच नुकसान झालं, असं मी म्हणतो.

मोटारसायकल म्हणजे रॉक हे समीकरण आलं कुठून? अमेरिकेत साउथ डकोटातल्या स्टर्जिसला १९३८पासून मोटारसायकलींचा मेळा भरतो. १९६९मध्ये ‘ईझी रायडर’ नावाचा चित्रपट आला, त्यात दोन तरुण मोटारसायकलवर देश पालथा घालतात आणि मागं सतत रॉक वाजत राहतं. त्या रस्त्याचं ते संगीत होतं, तिथं ते शोभतं. आपल्याकडे बुलेट आली ती सैन्यासाठी. १९५५ साली मद्रासला तिची जुळणी सुरू झाली, आणि पुढं ती फौजदाराच्या, बागायतदाराच्या, दुधाच्या किटल्या लटकवलेल्या गवळ्याच्या हाती आली. कोल्हापूर-सांगलीकडे नवरदेव बुलेटवरून आला तर पुढं वाजायचा तो गावचा बँड. आजही पाडव्याच्या शोभायात्रेत डोंबिवलीला, गिरगावात नऊवारी नेसलेल्या बायका बुलेट चालवतात तेव्हा पुढं ढोल-ताशाच असतो, आणि कुणाला तो विजोड वाटत नाही. राजस्थानात पाली-जोधपूर रस्त्यावर तर चक्क एका बुलेटचं देऊळ आहे, ओम बन्नाचं. तिथं गातात ती तिथलीच लोकगीतं. गाडी जिथं मुरली तिथल्या सुरात ती मिसळली.

आणि गोवा तर मोटारसायकलींचं जुनंच घर आहे. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल-टॅक्सी आणि तिच्यावरचा पायलट हे म्हापशाला, पणजीला, मडगावला कित्येक वर्षं चाललंय. आम्ही बसनं गेलो असलो की स्टँडवर उतरून पायलटच्या मागं बसायचो. तेव्हा दुसऱ्या शहरातला माणूस ऐकून थक्क व्हायचा. दुचाकीवर पोट भरणारा माणूस इथं आधीपासून आहे, तेव्हा मेळाव्याला गोवा परका कधीच नव्हता.

माझ्या म्हणण्यावर तरुण मंडळी विचारतात, रॉक काय, ट्रान्स काय, तेही गोव्याचंच नाही का? प्रश्न खरा आहे. नव्वदीच्या सुरुवातीला हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यावर जे संगीत तयार झालं त्याला जगभर गोवा ट्रान्स म्हणतात. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत गावोगावच्या पोरांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं गेलं, आणि तीच पोरं पुढं मुंबईत जाऊन हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. सेबॅस्टियन डिसोझांनी केलेलं संयोजन आपण सगळे आयुष्यभर ऐकत आलोय. ख्रिस पेरींनी कोंकणी गाण्यात जॅझ आणला आणि लोर्नांनी तो गायला. गायक रेमो फर्नांडिस शिवोलीचेच. मांडो ही कोंकणी गाणी गातात तेव्हा व्हायोलिन आणि घुमट शेजारी शेजारी असतात. म्हणून मी शुद्धतेचा आग्रह धरत नाही. गिटार गोव्याची आहे. फक्त ती गिटार वाजवणारा गोव्याचा असावा, त्याची भाषा मंचावर ऐकू यावी, आणि लाउडस्पीकर ज्या गावाकडे तोंड करून लावलाय त्या गावातल्या म्हाताऱ्याला त्यात ओळखीचं काहीतरी सापडावं.

पण एका गोष्टीत मी सावध आहे. बरेच दिवस मला वाटायचं की दशावतारच टेकडीवर उभा करावा, जागोरही आणावा. आता तसं वाटत नाही. जागोर हा त्या गावाचा आहे, त्या वाड्यावरच्या देवाला आणि राखणदाराला दिलेला आहे. त्याला नोव्हेंबरच्या तारखेला ओढून आणणं बरं नव्हे. दशावतार वीस मिनिटांत बसवायचा म्हटलं तर संकासुर नाचेल आणि लोक फोटो काढतील, आख्यान राहून जाईल. आणि उलट, हजारो गाड्या एखाद्या पेडण्याच्या जत्रेत घुसवायच्या हेही नको, देवळाची वाटच बंद होईल. आम्ही पाच-सहा जण गेलो होतो, बाकड्यावर जागा झाली. तेवढ्यांनाच होते.

मंचावर उभं राहायला जे आधीपासून सरावलेलं आहे ते मात्र हक्कानं आणावं. गोव्यात चवथीच्या दिवसांत घुमट आरत्यांच्या स्पर्धा होतात, घुमट, समेळ आणि कासाळं घेऊन मंडळं उभी राहतात आणि लय चढत चढत जाते. समेळ हा काठ्यांनी वाजवायचा छोटा ढोल, कासाळं म्हणजे मोठ्या झांजा. याच वाद्यांचं सुंवारी वादन ऐकलंय त्याला ठाऊक आहे की त्यात शब्द नसला तरी माणूस जागेवरून उठतो. चर्चच्या फेस्ताला पितळी वाद्यं वाजवणारे गावोगावचे बँड आहेत. तियात्र या कोंकणी नाटकात कांतारां, म्हणजे गाणी, गाणारे आहेत, ते तर प्रेक्षकाला एका कडव्यात पकडतात. यातलं काहीही इंजिनांच्या आवाजाला घाबरणारं नाही.

शिवाय ही वाद्यं आज आधार मागताहेत. घुमटाला पूर्वी घोरपडीचं चामडं लावत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला अभय मिळालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. आता बकऱ्याचं चामडं लावतात. २०१९मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. मान मिळाला, पण मडकं घडवणारा कुंभार आणि चामडं ताणणारा कारागीर टिकायचा तर वाद्य विकलं जायला हवं, म्हणजेच वाजवणाऱ्या पोराला त्यातून मानधन मिळायला हवं. गाडी, हेल्मेट, जॅकेट यांवर खर्च करणारा एवढा समाज तीन दिवस एका टेकडीवर जमतो. त्यातला एखादा घुमट विकत घेऊन सॅडल बॅगेत गुंडाळून नागपूरला नेईल, यात मला शंका नाही.

आयोजकांकडे माझं मागणं साधं आहे. घुमटाच्या मंडळाला फाटकाजवळ उभं करून येणाऱ्यांचं स्वागत करायला लावू नका. शनिवारी रात्री आठ वाजता, गर्दी भरलेली असताना, मोठ्या मंचावर पाऊण तास द्या. माइक कुठं लावायचा हे मंडळातल्या थोरल्या वादकाला विचारा, कारण घुमटाच्या मागच्या तोंडातूनही आवाज येतो आणि ध्वनियंत्रणेवर बसणाऱ्या बाहेरगावच्या मुलाला ते माहीत नसतं. मानधन दिल्ली-बेंगळुरूहून येणाऱ्या बँडच्या तोडीचं असू द्या, आणि पोस्टरवर मंडळाचं नाव, गावाच्या नावासकट, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा.