पाण्यावरचं पारणं

आजी लग्न होऊन बार्शीत आली ती बार्शी लाइट रेल्वेनं. तिचं माहेर पंढरपूरच्या अलीकडचं एक खेडं. १९०६ साली तिकडे रूळ पोचले, त्यामुळे माझ्या आजीच्या पिढीला ती गाडी घरच्यासारखीच. दोन रुळांत जेमतेम अडीच फुटांचं अंतर, चढ आला की इंजिनाला धाप. नव्या लुगड्यावर कोळशाचे कण पडले होते आणि ते झटकायचंही सुचलं नव्हतं, एवढीच लग्नाची आठवण ती सांगायची. नवऱ्याचं तोंड कधी पाहिलं, हे तिला आठवत नसे.

आजोबा कापडगिरणीत. बार्शीत तेव्हा दिवस सूर्यावर उगवत नसे, भोंग्यावर उगवायचा. आजोबांची पाळी बदलली की आजीची चूल बदलायची. रात्रपाळी असली तर ती पहाटेच पीठ मळायला बसे. मालदांडी ज्वारीचं पीठ, कोमट पाणी, तळव्याखाली गरगर फिरत मोठी होत जाणारी भाकरी. शेवटची भाकरी थापून झाली की काटवटीला लागलेलं पीठ बोटानं निपटून त्याचा लहानसा गोळा करायची. तो गोळा तिचा. बाकीच्या भाकरी कुणाकुणाच्या, हे मोजलेलं असायचं. तिची मोजलेली नसायची.

सगळे जेवल्यावर जेवायची. आजोबा, सासू, दीर, मुलं, आणि आमच्या लहानपणी आम्ही नातवंडं. शेंगदाण्याची चटणी संपलेली असली तर खलबत्त्यात उरलेल्या तिखटावर तेल सोडून घ्यायची. ‘भूक लागली न्हाई का गं?’ असं विचारलं तर तांब्या उचलून दोन घोट पाणी प्यायची. ‘झालं की पारणं,’ म्हणायची.

हे तिनं देवाच्या गोष्टीतून उचललं होतं. बार्शीचा देव म्हणजे भगवंत, अंबरीष राजाचा पाठीराखा. राजानं एकादशी केली. द्वादशीला उपास सोडायची वेळ आली आणि नेमके दुर्वास दारात. जेवतो म्हणाले, आणि स्नानाला गेले ते येईनात. द्वादशी सरत आलेली. पाहुण्याआधी जेवलं तर त्याचा अपमान, नाही जेवलं तर व्रत मोडणार. राजानं नुसतं पाणी घेतलं. पुढचा दुर्वासांचा कोप, त्यांच्यामागे लागलेलं सुदर्शन चक्र, तिन्ही लोकांतली त्यांची पळापळ, हे सगळं कीर्तनकार रंगवून सांगत. आजीचं मन मात्र त्यानंतरच्या गोष्टीत अडकलेलं. दुर्वास परत येईपर्यंत राजा जेवला नाही. वर्षभर. ‘वरीसभर नुसत्या पाण्यावर, लेकरा!’ सांगताना तिचे डोळे भरून यायचे.

पंढरीची एकादशी करून द्वादशीला भगवंताच्या दर्शनाला येणारे वारकरी असत. त्या दिवशी आमच्या ओट्यावर पंगत बसे. भिजलेल्या घोंगड्या, चिखलाचे पाय, बुक्क्याचा वास. आजी कुणाला गाव विचारत नसे, आधी पायांवर पाणी घाली. दर द्वादशीला ती इतकी खुलायची की सणासुदीलाही तशी दिसत नसे.

तरी मला या गोष्टीशी भांडावंसं वाटतं. अंबरीष राजा होता. त्यानं वाट पाहिली, म्हणून पुराणानं ती लिहून ठेवली, देव धावून आला. गिरणी कामगाराच्या बायकोनं जन्मभर वाट पाहिली तर ती घरची रीत ठरली. १९७२च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची. त्या पिठाला चिकाई नसे, भाकरी तव्यावर टाकतानाच मोडायची. आजी उकळत्या पाण्यात पीठ मळायची, तळहात भाजून घ्यायची, आणि मुलांच्या ताटात अख्खी भाकरी पडेल असं बघायची. मोडलेले तुकडे कुठे जात, हे उघड होतं. तुकडेही उरले नाहीत त्या दिवशी ती काय खायची, ते त्या वर्षी घरातल्या कुणीही पाहिलं नाही, असं वडील सांगतात. सांगताना त्यांचा आवाज अजून बसतो.

तिची माया खरी होती. तिला ओढून-ताणून त्याग करावा लागला असं म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल. वाढताना तिचा चेहरा मी पाहिला आहे. पण तिची भूकही खरी होती, आणि तिच्याबद्दल बोलताना आम्ही मायेचंच तेवढं बोलतो.

गिरणीचा भोंगा थांबला, आजोबा गेले, रूळ उखडून रुंद रूळ आले. आजी गेली त्याला बरीच वर्षं झाली. आईनंही तिचंच पाहून सगळ्यांच्या मागून जेवायची सवय लावून घेतली होती. आता आमच्या घरी पहिलं ताट आईचं वाढतो. सुरुवातीला ती अवघडायची, उगाच उठून पाणी आणायला जायची. परवा तव्यावरची गरम भाकरी पानात पडल्याबरोबर तिनं मोडून घेतली, चटणीवर तेल मागितलं, आणि आणखी एक टाक म्हणाली, पापुद्रा चांगला सुटलाय.